पानाची मागची बाजू: भोपळ्यावरच्या भुरीनं एकामागून एक औषधं कशी पचवली

भोपळ्याचं पान वरून हिरवं, आणि उलटं केलं की मागून पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं. भुरी, म्हणजे ही पांढरी बुरशी, एखाद्या बुरशीनाशकाला दाद देईनाशी झाली आहे, हे शेतात उभ्या उभ्या ओळखायला याहून चांगली खूण मला माहीत नाही. आपल्याकडे फवारणीनंतर चार दिवसांनी वेलावरून नजर फिरवली जाते, वरची पानं स्वच्छ दिसली की काम झालं असं वाटतं. पान उलटं करून बघणारे थोडे. मग पानं पिवळी पडून वाळायला लागली की दोष हवामानावर जातो, नाहीतर औषध बोगस निघालं म्हणून दुकानदारावर.

इथे मांडतो ते प्रकरण अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातलं, लाँग आयलंड या बेटावरच्या भोपळ्याचं आहे. तेच निवडलं याला कारण आहे. एकाच रोगानं एकाच पीकवर्गावर औषधांचे गटच्या गट कसे निकामी केले, याची इतकी सलग नोंद जगात फार थोड्या ठिकाणी झाली आहे. आणि तिथे जे घडलं त्यातली एक चूक आपण रोज करतो आहोत, असं मला मनापासून वाटतं.

जागा, पीक आणि रोग

न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला समुद्रात लांबलचक पसरलेलं हे बेट. त्याच्या पूर्व भागात रिव्हरहेड इथे कॉर्नेल विद्यापीठाचं उद्यानविद्या संशोधन केंद्र आहे. डॉ. मार्गारेट मॅकग्राथ या वनस्पतिरोगतज्ज्ञ १९८८ पासून तिथे भाजीपाल्याच्या रोगांवर काम करत आल्या, आणि वेलवर्गीय पिकांवरची भुरी हा त्यांच्या कामाचा गाभा राहिला. आजूबाजूच्या शेतांत भोपळा मोठ्या प्रमाणावर होतो. तो खाण्यापेक्षा ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनला कोरून दारात ठेवण्यासाठी जास्त विकला जातो. म्हणून तिथे भोपळ्याला किंमत येते ती देठावरून. देठ जाड, ताठ आणि हिरवा हवा. भुरीनं पानं लवकर गेली की देठ बारीक पडतो, सुकतो, उचलताना तुटतो. उघड्या पडलेल्या फळांना ऊन लागून डाग येतात. खरबुजात याच रोगानं गोडी उतरते, हे आपल्या खरबूजवाल्यांना सांगायला नको.

वेलवर्गीय पिकांवर भुरी आणणाऱ्या बुरशा एकाहून जास्त आहेत, पण या प्रकरणातली मुख्य म्हणजे पोडोस्फेरा झँथी. तिचे तीन गुण लक्षात ठेवले तर पुढचं सगळं समजतं. पहिला, तिला पान ओलं असण्याची गरज नाही. केवडा या दुसऱ्या पानरोगाला पानावर ओल लागते, भुरी कोरड्या पानावर रुजते, दाट पानोळ्याच्या सावलीत तर आणखी सुखात. दुसरा, बीजाणू पानावर पडल्यापासून तीन ते सात दिवसांत नवा पांढरा ठिपका तयार होतो, आणि त्या ठिपक्यावरचे बीजाणू वाऱ्याबरोबर शेतंच्या शेतं ओलांडतात. तिसरा गुण पुस्तकाबाहेर फारसा बोलला जात नाही: या बुरशीच्या पेशीत जनुकांचा एकच संच असतो. दोन संच असलेल्या जिवात एखादा बदल दुसऱ्या संचाआड झाकला जाऊ शकतो, इथे झालेला बदल लगेच उघडा पडतो आणि कामाला लागतो.

त्यात ही बुरशी फक्त जिवंत पानावर जगते. प्रयोगशाळेत बशीतल्या खाद्यावर वाढवून तिच्यावर औषध तपासावं, तर ते जमत नाही. तपासणीलाही जिवंत पानच लागतं. याचा उपयोग पुढे कसा केला ते येईलच.

आता पानाच्या मागच्या बाजूबद्दल. फवारा वरून येतो, त्यामुळे वरच्या बाजूवर औषध भरपूर बसतं आणि मागे फारच कमी पोचतं. गंधक किंवा क्लोरोथॅलोनिल यांसारखी स्पर्शजन्य औषधं जिथे बसतील तिथलंच रक्षण करतात. मागची बाजू राखायची तर पानाच्या आत शिरून आरपार जाणारं औषध लागतं. म्हणून शेतकरी टाकीत दोन्ही घालतो, एक स्पर्शजन्य आणि एक आंतरप्रवाही. आंतरप्रवाही औषध निकामी झालं तर वरची बाजू गंधकाच्या किंवा क्लोरोथॅलोनिलच्या जोरावर स्वच्छच दिसते आणि रोग मागे बिनधास्त वाढतो. पान उलटं करायचं ते यासाठी.

आधीचे दोन पराभव

याच राज्यात जिनिव्हा इथे असलेल्या कृषी प्रयोग केंद्रातल्या श्रोडर आणि प्रोव्हिडेंटी या दोघांनी १९६९ साली एक छोटा अहवाल छापला: वेलवर्गीय पिकांवरची भुरी बेनोमिलला जुमानत नाही. बेनोमिल हे त्या काळातलं अगदी नवं, पानात शिरणारं औषध होतं. जगभरात त्याचं कौतुक सुरू होत होतं, तेव्हाच ही नोंद झाली. आंतरप्रवाही बुरशीनाशकांना प्रतिकार निर्माण झाल्याच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक.

नंतर ट्रायडिमेफॉन आलं. हे ट्रायझोल, म्हणजे आपण वापरतो त्या हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोलच्या कुळातलं. वेलवर्गीय पिकांसाठी अमेरिकेत त्याची नोंदणी १९८४ ची, आणि त्यानं रोग आवरत नाही अशी पहिली तक्रार १९८६ ची. दोन वर्षं.

मशरूमच्या घरातलं औषध

१९९९ साली अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन वेलवर्गीय पिकांसाठी तिथे बाजारात आलं, तेव्हा हातात खात्रीचं आंतरप्रवाही औषध जवळपास उरलंच नव्हतं. शेतकऱ्यांनी त्याचं स्वागत कसं केलं असेल ते आपण ताडू शकतो. या औषधाचा उगमही मोठा सुंदर आहे. पाइनच्या जमिनीवर पडलेल्या शंकूंवर एक लहानशी अळंबी उगवते. ती आपल्या जागेवर दुसऱ्या बुरशा येऊ नयेत म्हणून एक द्रव्य सोडते. त्या द्रव्यावरून रसायनशास्त्रज्ञांनी हा गट घडवला आणि अळंबीच्याच नावावरून त्याला स्ट्रोबिल्युरिन म्हटलं.

हे औषध बुरशीच्या पेशीतला श्वास कोंडतं. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या साखळीत सायटोक्रोम बी नावाचं एक प्रथिन असतं. त्याच्या एका खाचेत औषधाचा रेणू जाऊन बसतो आणि साखळी तिथेच अडते. खाच एक आणि औषध बसण्याची जागाही एक, हीच त्याची ताकद. कमजोरीही तिथेच होती.

धोक्याची सूचना आधीच मिळाली होती. उत्तर जर्मनीत गव्हावरच्या भुरीनं १९९८ मध्येच या गटाला प्रतिकार दाखवला होता, औषध बाजारात येऊन जेमतेम दोन वर्षं झाली असताना. जपानमध्ये काकडीवरच्या भुरीतही तेच दिसलं, तेही औषध आल्यावर दोनेक वर्षांत, आणि त्याचा सविस्तर अभ्यास २००१ मध्ये छापून आला. त्यात दोष नेमका कुठे आहे हेही सापडलं होतं. सायटोक्रोम बी या प्रथिनाच्या माळेत १४३ व्या जागी ग्लायसीन हा मणी असतो. त्याच्या जागी अ‍ॅलानीन आला की खाचेचा आकार एवढासा बदलतो आणि औषध आत बसतच नाही. एक मणी बदलला आणि सगळं औषध वाया.

२००२

त्या वर्षी जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्क या राज्यांतल्या चाचणीच्या वाफ्यांत अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिननं रोग आवरेना. अमेरिकेतल्या वेलवर्गीय पिकांवरच्या भुरीत स्ट्रोबिल्युरिन प्रतिकाराची ही पक्की झालेली सुरुवात. नोंदणीपासून हे चौथं वर्ष.

औषध चाललं नाही म्हणजे प्रतिकारच, असं मात्र नाही. पाणी कमी पडलं, नोझल झिजलेली, फवारणीला उशीर झाला, तरी रोग वाढतो. खात्री कशी करायची? रिव्हरहेडच्या केंद्रानं यासाठी जी पद्धत राबवली ती मला फार आवडते, कारण तिच्यात यंत्रापेक्षा अक्कल जास्त आहे. भोपळ्याची रोपं कुंड्यांत वाढवतात. शेंडा आणि न उलगडलेली कोवळी पानं खुडून टाकतात, म्हणजे नवी, औषध न लागलेली पानं फुटून गोंधळ होत नाही. मग रोपांचे गट करून प्रत्येक गटावर एकेक औषध ठरलेल्या प्रमाणात फवारतात, आणि एक गट कोरा ठेवतात. औषध सुकलं की ही रोपं शेतकऱ्याच्या भुरी लागलेल्या शेतात नेऊन वेलांमध्ये जमिनीवर ठेवतात. चारेक तास. तेवढ्यात त्या शेतातल्या हवेतले बीजाणू त्यांच्यावर येऊन बसतात. मग रोपं परत काचघरात. आठवड्याभरानं ठिपके दिसायला लागले की पानाचा किती भाग पांढरा झाला ते मोजतात आणि कोऱ्या रोपांशी ताडतात. कोऱ्या रोपांवर समजा ४० टक्के पान भरलं आणि औषधाच्या रोपांवर ३८, तर त्या शेतातल्या भुरीपुढे ते औषध पाण्यासारखं आहे. त्याच दिवशी, त्याच हवेतून, सगळ्या औषधांचा जाब एकदम मिळतो. बशीत न वाढणाऱ्या बुरशीच्या हट्टावर याहून चांगला तोडगा मला तरी दिसत नाही.

स्ट्रोबिल्युरिनच्या प्रतिकारात मधली पायरी नसते. ट्रायझोलची धार हळूहळू बोथट होते, प्रमाण वाढवलं किंवा त्याच कुळातलं जास्त ताकदीचं औषध घेतलं तर काही काळ निभावतं. इथे तसं नाही. मणी बदललेल्या भुरीवर अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन दुप्पट घाला, चौपट घाला, फरक पडत नाही. आणि त्याच खाचेत बसणारी ट्रायफ्लॉक्सिस्ट्रोबिन, क्रेसॉक्झिम-मिथाइल, पायराक्लोस्ट्रोबिन ही भावंडंही तिच्यापुढे एकदमच हरतात.

आपण म्हणतो, भुरीला औषधाची सवय झाली. हा शब्द दिशाभूल करतो. सवय एका जिवाला होते, इथे कुणालाच सवय होत नाही. बदललेला मणी असलेले थोडे बीजाणू आधीपासूनच असतात, औषध बाकीच्यांना मारून त्यांना रान मोकळं करून देतं. साधा हिशोब करून बघू. समजा लाख बीजाणूंत एक प्रतिकारक आहे, आणि प्रत्येक फवारणी उरलेल्यांपैकी ९५ टक्के मारते. म्हणजे दर फवारणीला प्रतिकारकांचं प्रमाण वीसपट होतं. पहिल्या फवारणीनंतर पाच हजारांत एक, दुसऱ्या नंतर अडीचशेत एक, तिसऱ्या नंतर साधारण तेरात एक. तोवर शेतकऱ्याला काहीच कळलेलं नसतं, औषध उत्तमच चाललेलं असतं. चौथ्या नंतर निम्म्याहून जास्त. हे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, पण आदल्या फवारणीपर्यंत छान चाललेलं औषध अचानक एका फवारणीत का पडतं, ते यातून दिसतं.

पाळी कागदावर होती

स्ट्रोबिल्युरिन एकसारखं मारू नका, दुसऱ्या गटाच्या औषधाबरोबर आलटून पालटून वापरा, हा सल्ला पहिल्यापासून दिला जात होता. मग चार वर्षांत असं का झालं? इथून पुढे माझं मत आहे.

१९९९ साली आलटायला हाताशी काय होतं ते बघा. बेनोमिलच्या कुळातलं थायोफॅनेट-मिथाइल, ज्याच्या कुळाला भुरीनं तीस वर्षांपूर्वीच टोलवलं होतं. आणि ट्रायडिमेफॉन, जे १९८६ पासून ढेपाळत आलं होतं. मायक्लोब्युटॅनिल आलं ते पुढच्या वर्षी, तेही ट्रायझोलच. म्हणजे पाळीतली एक फवारणी जिवंत औषधाची आणि दुसरी अर्धमेल्या औषधाची. वहीत दोन गट दिसतात, पानाच्या मागच्या बाजूवर मात्र सगळा भार एकट्या अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिनवर. दोन बैलांची जोडी म्हणायची आणि एक बैल बसलेला.

माझ्या म्हणण्याला बळ देणारी गोष्ट पुढेच घडली. स्ट्रोबिल्युरिन पडल्यावर एक जोड-औषध आलं: बॉस्कॅलिड आणि पायराक्लोस्ट्रोबिन एकाच पाकिटात. दोन वेगवेगळे गट, म्हणजे प्रतिकाराला आळा बसेल असं वाटावं. पण पायराक्लोस्ट्रोबिन हे स्ट्रोबिल्युरिनच, भुरीपुढे आधीच हरलेलं. पाकिटातला जिवंत भाग एकटा बॉस्कॅलिड. २००९ च्या सुमारास रिव्हरहेडच्या परिसरात बॉस्कॅलिडलाही न जुमानणारी भुरी सापडली. पुढच्या दशकात क्विनॉक्सिफेन या आणखी एका वेगळ्या औषधाच्या बाबतीतही हीच वाट दिसली. आणि दर वेळी जुना प्रतिकार गेलेला नव्हताच. एकाच ठिपक्यातली बुरशी बेनोमिलच्या कुळाला, स्ट्रोबिल्युरिनला आणि बॉस्कॅलिडला एकदमच पुरून उरणारी, असे नमुने तिथे नेहमीचे झाले.

वाऱ्याचाही विचार करायला हवा. लाँग आयलंडवर हिवाळ्यात वेल थंडीनं मरतात. उन्हाळ्यात येणाऱ्या भुरीचा बराच भाग दक्षिणेकडून, पीक जसं उत्तरेला सरकतं तसा वाऱ्यावर येतो असं मानलं जातं. म्हणजे एखाद्यानं आपल्या शेतात ते औषध कधीच फवारलं नसलं, तरी शेजारच्या तालुक्यात किंवा राज्यात निवडून आलेली भुरी त्याच्या वेलावर उतरते. प्रामाणिक शेतकऱ्यालाही फटका बसतो तो असा.

मग तिथे काय बदललं

भुरीसाठी बेनोमिलचं कूळ आणि स्ट्रोबिल्युरिन यांवर भिस्त ठेवणं सोडलं. सहनशील जाती पुढे आल्या. त्या भुरी पूर्ण रोखत नाहीत, पण तिचा वेग कमी करतात, आणि फवारण्या कमी लागल्या की निवडीचा रेटाही कमी होतो. फवारणी कधी सुरू करायची याचा एक साधा नियम रुळला: जुनी ५० पानं वरून आणि खालून तपासा, त्यातल्या एका पानावर ठिपका दिसला की सुरू करा. त्याआधी आंतरप्रवाही औषध वाया, त्यानंतर उशीर. भुरी एकदा पसरली की लाखांऐवजी कोट्यवधी बीजाणूंतून निवड होते, म्हणून उशिरा मारलेलं चांगलं औषध प्रतिकार जास्त लवकर आणतं. टाकीत जोडीला गंधक, क्लोरोथॅलोनिल किंवा खनिज तेल असतंच. गंधकाला भुरी इतक्या वर्षांत हरवू शकलेली नाही, कारण ते पेशीत एकाच जागी न बसता अनेक ठिकाणी घाव घालतं. फक्त कडक उन्हात, ३२ अंशांच्या पुढे, खरबुजाची पानं गंधकानं भाजतात, तिथे हात आखडता घ्यावा लागतो.

आपल्या मांडवाखाली

हे सगळं दूरदेशीचं म्हणून सोडून देता आलं असतं. पण १४३ व्या जागेचा तोच बदल महाराष्ट्रातल्या द्राक्षांवरच्या केवड्यात सापडल्याची नोंद २०१६ मध्ये झाली आहे. रोग वेगळा, पीक वेगळं, मणी तोच.

आता कृषी सेवा केंद्राच्या फळीवरची तीन औषधं डोळ्यांपुढे आणा. एकात अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन अधिक टेब्युकोनॅझोल, दुसऱ्यात अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन अधिक डायफेनोकोनॅझोल, तिसऱ्यात ट्रायफ्लॉक्सिस्ट्रोबिन अधिक टेब्युकोनॅझोल. तीन कंपन्या, तीन नावं, तीन रंगांची वेष्टनं. काकडीवाला दर आठ दिवसांनी एकेक मारतो आणि मनापासून समजतो की आपण औषध बदललं. औषध बुरशीत कुठे घाव घालतं त्यावरून प्रत्येक गटाला क्रमांक असतो, स्ट्रोबिल्युरिनचा ११ आणि ट्रायझोलचा ३. हे क्रमांक लिहून काढले तर तिन्ही सारखीच: ११ आणि ३, ११ आणि ३, पुन्हा ११ आणि ३. त्यात ११ नंबरचा गट त्या भुरीपुढे आधीच पडलेला असेल, तर उरतं एकटं ट्रायझोल, तेही प्रत्येक फवारणीत. लाँग आयलंडवर झालं तेच, जरा जास्त वेगानं.

बाटलीवर व्यापारी नाव ठळक असतं आणि घटकाचं नाव बारीक. म्हणून फवारणीच्या वहीत व्यापारी नावाशेजारी घटक आणि गट लिहायला हवा: कार्बेन्डाझिम, थायोफॅनेट-मिथाइल हे १, ट्रायझोल ३, बॉस्कॅलिड आणि फ्लुओपायरम ७, स्ट्रोबिल्युरिन ११, गंधक एम ०२. त्या पिकावर त्या औषधाला लेबल क्लेम, म्हणजे वापराची अधिकृत मान्यता, आहे का आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं, हे तर आधी बघायचंच.

काचघर नसलं तरी रिव्हरहेडच्या रोपांचा प्रयोग आपल्या बांधावर करता येतो. भुरी नुकतीच दिसायला लागली की ओळीच्या टोकाचे आठ वेल निवडा. दोन कोरे ठेवा, दोनांवर फक्त गंधक, दोनांवर फक्त ट्रायझोल, दोनांवर फक्त स्ट्रोबिल्युरिन, प्रत्येकात एकच घटक आणि लेबलवरचंच प्रमाण. मध्ये एकेक वेल सोडा, म्हणजे फवारा उडून शेजारच्यावर जाणार नाही. फवारणीच्या दिवशी प्रत्येक वेलाच्या स्वच्छ, पूर्ण उलगडलेल्या पाच पानांच्या देठाला रंगीत दोरा बांधा. दहाव्या दिवशी फक्त तीच पानं उलटी करून मागचा पांढरा भाग अंदाजे किती आहे ते वहीत लिहा. कोऱ्या वेलाइतकाच पांढरेपणा ज्या औषधाच्या पानांवर दिसेल, ते त्या हंगामापुरतं तरी भुरीसाठी विकत घेऊ नका, आणि शेजारच्या काकडीवाल्यालाही त्याच संध्याकाळी सांगा.